जुना स्नेअर ड्रम: बॅज एक साल सांगतो, बांधणी दुसरंच. खरं कुणाचं मानायचं?

नवा_ठेका:

नमस्कार मंडळी,

मामांच्या सामानातला एक स्नेअर ड्रम (खालच्या पडद्यावर तारा ताणलेला छोटा ड्रम) माझ्याकडे आला आहे. मामा आता नाहीत, त्यामुळे त्यांनी तो कधी आणि कुणाकडून घेतला हे सांगणारं कुणी उरलं नाही. वाजवून पाहिला, आवाज अजून खणखणीत आहे. मला फक्त एवढंच जाणून घ्यायचं आहे की हा नेमका कधीचा.

मापं सांगतो. व्यास १४ इंच, खोली साडेपाच इंच. शेल, म्हणजे ड्रमचं गोल अंग, लाकडी. बाहेरून मोतिया पांढरा रॅप (शेलवर चिकटवलेलं आवरण), आता बऱ्यापैकी पिवळा पडलेला. लग (शेलवरचे धातूचे ठोकळे) आठ, आणि प्रत्येक लगमध्ये वरून एक आणि खालून एक असे दोन रॉड (पडदा ताणणारे लांब स्क्रू) बसतात. बॅज लुडविग या अमेरिकन कंपनीचा, कीस्टोन (कमानीच्या मधल्या दगडाच्या) आकाराचा, त्यावर दोन लाखांच्या पुढचा सहा आकडी नंबर. आतून शेल पांढऱ्या रंगाने रंगवलेलं आहे आणि वरच्या-खालच्या काठाला आतून लाकडी कड्या आहेत. स्ट्रेनरवर (तारा ताणणाऱ्या खटक्यावर) कुठलंच नाव नाही. त्याच्या शेजारी रॅपवर दोन बारीक गोल ठिपके दिसतात, काहीतरी भरून बुजवल्यासारखे.

नंबरावरून एक साल निघतं म्हणे. पण आतला पांढरा रंग पाहून एका ओळखीच्या ड्रमरने "हा त्याहून जुना असणार" असं सांगितलं. तेव्हापासून डोक्यात घोळ आहे.

---

रेवा:

नंबरांचे तक्ते मिळतात, त्यात बघा. दोन लाखांच्या पुढचा आकडा म्हणजे साधारण १९६० च्या दशकाचा मध्य, १९६५-६६ च्या आसपास. माझ्या ड्रमचं साल मी तसंच काढलं. कीस्टोन बॅज आणि असा नंबर म्हणजे तो १९७० च्या आधीचाच असावा.

---

काठी_आणि_कातडं:

रेवाताई, तुमचं उत्तर बॅजपुरतं बरोबर आहे. पण बॅजचं वय म्हणजे ड्रमचं वय नव्हे, आणि या ड्रमच्या बाबतीत तर मला दोन्हींत बरंच अंतर दिसतंय. मी जुने ड्रम उघडून दुरुस्त करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी नंबराबद्दल. लुडविगने स्नेअरच्या बॅजवर नंबर टाकायला सुरुवात केली १९६३ च्या अखेरीस. त्याआधीचे कीस्टोन बॅज, म्हणजे १९६० पासूनचे, बिननंबराचे असतात. पुढे ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर दिसले, त्यांचा ड्रमर रिंगो याच्या बास ड्रमवर लुडविगचं नाव होतं, आणि शिकागोच्या कारखान्यावर मागणीचा लोंढा आला. बॅज पेटीतून हाताला येईल तसे लागत गेले. कुठला आकडा आधी आणि कुठला नंतर, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. म्हणून तक्त्यातून निघतं ते साल नव्हे, एक पट्टा निघतो, आणि तोही बॅज मूळचा असेल तरच.

आता बांधणी. ड्रमचे मी मनात दोन भाग करतो. एक, जे सहजी बदलता येत नाही: शेल, त्याचे थर, आतला रंग, आतल्या कड्या, रॅपचा सांधा, आणि कारखान्यात पाडलेली भोकं. दुसरा, जे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कुणीही बदलू शकतो: हूप (पडदा दाबून धरणारी धातूची गोल कडी), रॉड, स्ट्रेनर, बट प्लेट (तारांचं दुसरं टोक धरणारी पट्टी), मफलर (आवाज दाबणारा भाग), आणि थोडे कष्ट घेतले तर बॅजसुद्धा. तारीख ठरवायची ती पहिल्या भागावरून. दुसरा भाग त्याच्याशी जुळला तर उत्तम. नाही जुळला तर भांडणात शेलचं ऐकायचं.

तुमच्या शेलमध्ये आतून पांढरा रंग आणि कड्या आहेत. लुडविगची त्या काळातली शेल तीन थरांची: बाहेर आणि आत महोगनी किंवा मेपल, मधे पॉप्लर, आणि पातळ शेल गोल राहावं म्हणून काठांना कड्या. कड्यांची ही पद्धत १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. पुढे सहा थरांचं शेल आलं आणि कड्या गेल्या. म्हणजे कड्यांवरून फार काही कळत नाही, वीस वर्षांचा पट्टा उरतो. आतला रंग मात्र बोलका आहे. पांढरा किंवा साईच्या रंगाचा लेप साधारण १९६१-६२ पर्यंत दिसतो. त्यानंतर करड्यावर बारीक ठिपके उडवलेला लेप आला, त्याला रेसा-कोट म्हणतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तोही गेला आणि आत नुसतं पारदर्शक पॉलिश राहिलं.

मग १९६५ चा नंबर आणि १९६१-६२ चा रंग एकाच ड्रमवर कसे? म्हणूनच मला काही गोष्टी बघून हव्या आहेत. दुपारच्या उजेडात बसा, घाई करू नका.

वरचं हेड, म्हणजे वाजवायचा पडदा, काढा. रॉड एकदम पूर्ण ढिले न करता समोरासमोरचे थोडे थोडे सोडा, नाहीतर हूप वाकडं होतं. मग दोन्ही हूपांना लोहचुंबक लावून बघा. साधारण १९६२-६३ पर्यंत लुडविगचे हूप पितळेचे, वरून क्रोमचा मुलामा, त्यांना चुंबक चिकटत नाही. नंतर पोलादी आले, त्यांना टक्कन चिकटतो.

मग एकच लग काढा. आतून दोन स्क्रू असतात. लग सुटला की त्यातली स्प्रिंग आणि नट घरंगळतात, खाली फडकं अंथरून ठेवा. लगच्या खालचा रॅप कसा आहे ते बघा. बाहेरचा पिवळा आणि खालचा अजून पांढरा असेल, आणि त्या पांढऱ्या डागाचा आकार लगच्या तळाशी तंतोतंत जुळत असेल, तर लग आणि रॅप दोन्ही पहिल्यापासूनचे. डागाचा आकार वेगळा निघाला तर लग बदललेत.

रॅपचा सांधाही बघा. साठच्या दशकातल्या लुडविगमध्ये रॅपचं टोक शेलच्या बाहेरच्या थराच्या जोडात आत दाबून घातलेलं असतं. नंतर कुणी रॅप बदलला असेल तर टोकं एकमेकांवर चढवून चिकटवलेली सापडतात.

बॅज ज्या गोल पितळी कड्याने धरलेला आहे तो आतल्या बाजूने नीट न्याहाळा. तोच हवेचं भोकही असतो. आतलं टोक फुलवून दाबलेलं असतं. बॅज काढायचा तर तो कडा तोडावा लागतो, आणि नवा बसवला की त्याची फुललेली कड पहिल्यासारखी त्याच जागी बसत नाही.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: आत टॉर्चचा उजेड आडवा धरून लाल शाईचा शिक्का शोधा. त्या वर्षांत लुडविग बऱ्याच लाकडी शेलवर तारीख मारायचं. हातात ओलं फडकं नको, साबण नको, स्पिरिट तर नकोच. शिक्का पुसला गेला की तो परत येत नाही.

सगळ्याचे फोटो काढून ठेवा, आणि आधी फोटो, मग स्क्रू, हा क्रम पाळा.

---

पितळी_नाद:

काठीदादांनी सगळं सांगितलंच आहे, एक भर घालतो. लोहचुंबकाची परीक्षा धातूच्या शेललाही लावा, बरेच जण फक्त हूपला लावून थांबतात. लुडविगचा क्रोमचा सुप्राफोनिक आणि त्याच्या आधीचा पितळी शेलचा सुपर लुडविग, दोन्हींना चुंबक चिकटत नाही, त्यामुळे नवखा माणूस दोन्हींना एकच समजतो. १९६० ते ६३ च्या सुमारासचा तो पितळेचा, वजनाला जड. त्यानंतरचा अॅल्युमिनियमचा, हलका. अॅल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही, म्हणून त्याच्यावर बारीक फोड आणि खड्डे येतात, कधी पापुद्रे निघतात. सुप्राफोनिकचं शेल सांध्याविना असतं आणि लग दहा, त्याच्या साध्या भावाला, अॅक्रोलाइटला, आठ.

मुलाम्याच्या रंगाकडेही नजर ठेवा. निकेल पिवळसर, ऊबदार दिसतं आणि वर्षांनी धुरकट होतं. क्रोम निळसर आणि थंड. लुडविग १९५० च्या दशकाच्या शेवटी निकेलकडून क्रोमकडे गेलं.

---

रेवा:

दादा, सगळ्या कंपन्यांना हेच लागू होतं का? माझ्याकडे एक स्लिंगरलँडही आहे.

---

काठी_आणि_कातडं:

पद्धत तीच, खुणा वेगळ्या. स्लिंगरलँडच्या रेडिओ किंगचं शेल एकाच मेपलच्या फळीचं असतं, वाफेने वाकवून टोकं तिरकी कापून जोडलेली. हेड काढून बेअरिंग एज (शेलचा काठ, ज्यावर हेड टेकतं) वरून बघा: थर दिसत नाहीत, एकसंध लाकूड दिसतं, आणि एका जागी तो तिरका सांधा. थर दिसले तर तो जुना रेडिओ किंग नाही, बॅजवर काहीही लिहिलेलं असो. बॅजवर शहराचं नाव वाचा. कारखाना १९६० मध्ये शिकागोहून नाइल्सला गेला, त्यामुळे "नाइल्स" लिहिलेलं असेल तर ड्रम १९६० च्या आधीचा नाहीच.

ग्रेच कंपनीच्या जुन्या ड्रमांत गोल बॅज १९७१ पर्यंत, मग अष्टकोनी. आत रुपेरी लेप असतो आणि हूप ओतीव, जाड.

आणि कधी लाकडी लग असलेला अमेरिकन ड्रम दिसला तर तो भंगार समजू नका. १९४२ मध्ये तिथल्या सरकारने वाद्यांमधल्या धातूवर वजनाच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली. युद्धासाठी धातू हवा होता. स्लिंगरलँडचा रोलिंग बाँबर आणि डब्ल्यू.एफ.एल.चा व्हिक्टोरियस त्या काळातले. असा ड्रम मी हातात घेतो तेव्हा मला त्या कारागिरांचं खरोखर कौतुक वाटतं. धातू नाही, तर लाकडाचा लग कोरा, पण काम थांबवू नका.

डब्ल्यू.एफ.एल. म्हणजे कोण हे रेवाताई तुम्हाला पुढे लागेलच. विल्यम एफ. लुडविगने भावासोबत १९०९ ला सुरू केलेली कंपनी पुढे कॉन या दुसऱ्या वाद्य कंपनीकडे गेली, आणि त्याबरोबर स्वतःच्या आडनावाचा हक्कही. म्हणून १९३७ ला त्याने नवा कारखाना काढला तो आद्याक्षरांच्या नावाने. नाव परत मिळालं १९५५ मध्ये. त्यामुळे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात दोन्ही नावं एकत्र असलेले बॅज सापडतात. नवा_ठेका, तुमचा ड्रम त्यानंतरचा.

---

नवा_ठेका:

दादा, सांगितलं तसंच केलं. सापडलं ते लिहितो.

वरच्या हूपला चुंबक चिकटत नाही. खालच्याला चिकटतो! दोन्ही दिसायला सारखेच आहेत.

लगच्या खाली रॅप पांढराशुभ्र, डागाची कड लगच्या तळाशी बरोबर जुळते. रॅपचं टोक शेलमध्ये आत गेलेलं आहे, वरून चढवलेलं नाही.

बॅजचा पितळी कडा आतून चकचकीत आहे, बाकीच्या पितळेला आलेला काळसरपणा त्याला नाही. आणि त्याच्याभोवती पांढऱ्या रंगात आणखी एक गोल, दबलेली रेघ आहे, जरा मोठ्या व्यासाची. त्या रेघेच्या आत रंग जास्त स्वच्छ.

स्ट्रेनरशेजारचे ठिपके आतून लाकडाच्या खुंट्या निघाल्या. खुंट्यांवर पांढरा रंग नाही.

शिक्का सापडला!! खालच्या कडीच्या जवळ, लाल, पुसट. महिन्याची अक्षरं मला तरी AUG, म्हणजे ऑगस्ट, वाटतात, साल १९६ पर्यंत स्पष्ट. शेवटचा आकडा अर्धा उडालाय, फक्त एक उभी रेघ उरली आहे. तो १ असेल किंवा ४ ची उजवीकडची रेघ. आता काय समजायचं?

---

पितळी_नाद:

४ असू शकतो, हे लगेच नाकारू नका. १९६४ मध्ये कारखाना रात्रंदिवस चालू होता. मागे पडून राहिलेलं पांढऱ्या रंगाचं शेल त्या घाईत बाहेर काढून वापरलं असेल. नंबराचा बॅजही मग फार लांबचा राहत नाही.

---

काठी_आणि_कातडं:

पितळी_नाद, शंका रास्त आहे. त्या वर्षांत हाताशी असेल ते वापरलं जायचं, आणि जुन्या रंगाच्या शेलवर नंतरचा बॅज असे ड्रम खरोखर सापडतात. म्हणून एकट्या रंगावरून मी निकाल दिला नसता. पण इथे पुरावे एकमेकांना धरून आहेत.

बॅजच्या कड्याभोवतीची ती दबलेली रेघ वाचा. पहिला कडा मोठ्या कडेचा होता. तो बसला तेव्हा रंगात रुतला आणि वर्षानुवर्षं त्याच्याखालचा रंग झाकलेला राहिला, म्हणून तो भाग स्वच्छ. मग कुणीतरी तो तोडून लहान कडेचा नवा बसवला. कारखान्यात पहिल्यांदाच नंबराचा बॅज लागला असता तर ही दुसरी रेघ उमटलीच नसती. म्हणजे या ड्रमचा मूळ बॅज वेगळा होता, आणि आताचा दुसऱ्या एखाद्या ड्रमवरून आलेला आहे. मूळ बॅजही याच आकाराचा असणार, कारण आताच्या बॅजबाहेर रॅपवर फिकट डाग दिसतो असं तुम्ही लिहिलं नाही. कीस्टोन, पण बिननंबराचा.

शिवाय शिक्का १९६४ चा मानला तर शेल पडून राहिलं हा मुद्दाच गळतो. शिक्का शेल तयार झाल्यावर लगेच मारलेला असतो, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये तयार झालेल्या शेलला आतून ठिपक्यांचा करडा लेप हवा होता. पांढऱ्या रंगावर, म्हणजे रंगाच्या वर शिक्का असेल, तर साल १९६१. नवा_ठेका, एवढं एक बघून सांगा: लाल शाई रंगाच्या वर आहे ना? नखाने खरवडू नका, भिंगातून बघा.

वरचा पितळी हूप १९६१ ला जुळतो. खालचा पोलादी नंतरचा. खालच्या हूपला स्नेअरच्या तारांसाठी खाचा असतात, तिथे पितळ कमकुवत होतं आणि आधी तेच वाकतं, म्हणून खालचा हूप बदललेला सर्रास दिसतो. काळजीचं कारण नाही.

खुंट्यांवर रंग नाही, म्हणजे ती भोकं कारखान्यानंतर बुजवली. ती मूळ स्ट्रेनरची. या बांधणीचा आठ लगचा साडेपाच इंची लाकडी लुडविग म्हणजे जॅझ फेस्टिव्हल, आणि त्या वर्षांत त्यावर पी-८३ नावाचा स्ट्रेनर असायचा. बदली शोधताना पी-८५ कुणी गळ्यात मारला तर घेऊ नका, तो साठच्या दशकाच्या अखेरचा. चालेल उत्तम, पण या ड्रमचा नाही.

---

नवा_ठेका:

भिंगातून पाहिलं. शाई रंगाच्या वरच आहे. रंगाला एक बारीक भेग गेलीये आणि लाल अक्षरही तिथेच तुटलंय, म्हणजे दोन्ही एकत्र तडकलेत.

तर मग ऑगस्ट १९६१. मामा तेव्हा वाजवत होते की नाही कुणास ठाऊक, पण ड्रमचं साल कळलं याचा फार आनंद झाला. मनापासून आभार.

दोन प्रश्न. ड्रम ऑगस्टमध्येच तयार झाला असं म्हणायचं का? आणि हा परका बॅज काढून टाकू का? बिननंबराचा शोधून बसवावा असं मनात येतंय.

---

काठी_आणि_कातडं:

ऑगस्ट ही शेलची तारीख. लग आणि हूप चढून तो पूर्ण ड्रम झाला त्यानंतर काही आठवड्यांनी, कदाचित काही महिन्यांनी. कुणी विचारलं तर "शेल ऑगस्ट १९६१" असं सांगा, त्यात एक अक्षरही खोटं नाही.

बॅज काढू नका. प्रत्येक वेळी कडा तोडताना भोकाभोवतीचं लाकूड थोडं थोडं जातं, आणि ती जुनी रेघ, जिच्यामुळे आपल्याला हे सगळं कळलं, तीही नव्या कड्याखाली जाऊ शकते. पी-८३ मिळाला तर जरूर बसवा, पण नव्याने भोकं पाडून नाही. त्या खुंट्या सावकाश काढून मूळच्याच भोकांत बसवा. नावाचा पत्ता नसलेला आताचा स्ट्रेनर पिशवीत घालून ड्रमसोबत ठेवा.

आतून काहीही पुसू नका. हेड लावताना दोन्ही बेअरिंग एजवर बोट फिरवून खाच लागते का बघा. खालच्या काठाला तारांच्या दोन्ही टोकांशी मुद्दाम दिलेला उथळ उतार असतो, त्याला खाच समजून घासायला जाऊ नका, तो स्नेअर बेड आहे. आणि वरचं हेड चढवण्याआधी शिक्क्याचा एक स्वच्छ फोटो इथे टाका, मलाही बघायचा आहे.